किशोरवयीन खेळाडूंची आंतरराष्ट्रीय हिवाळी स्पर्धा भरवताना

आयोजन समितीची पहिली बैठक बोलावताना स्टेडियमचे नकाशे, उद्घाटनाचा सोहळा आणि प्रायोजकांची यादी बाजूला ठेवावी आणि एका खेळाडूचा एक दिवस तासातासाने कागदावर लिहून काढावा. ही खेळाडू सोळा वर्षांची आहे, आई-वडिलांशिवाय प्रथमच परदेशात आली आहे, यजमान देशाची भाषा तिला येत नाही आणि तिची स्कीइंगची शर्यत सकाळी दहाला सुरू होणार आहे. ती पहाटे किती वाजता उठेल, त्या वेळी तिला गरम नाश्ता कोण देईल, बस उतारापर्यंत किती वेळात पोचेल, शर्यतीच्या माथ्यावर थांबण्यासाठी उबदार खोली आणि स्वच्छतागृह असेल का, पडली तर तिला खाली कोण आणेल, उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीसाठी बोलावणे आले तर सोबत कोण बसेल, जेवायला ती किती वाजता परतेल, बुडालेला शाळेचा अभ्यास कधी करेल आणि रात्री किती तास झोपेल, या प्रश्नांची उत्तरे लिहिता लिहिता वाहतूक, भोजन, वैद्यकीय सेवा, वेळापत्रक आणि मनुष्यबळ या सर्व विभागांच्या कामाची यादी आपोआप तयार होते. मोठ्यांच्या स्पर्धेचा आराखडा घेऊन तो आकाराने लहान करणाऱ्या यजमानांचे पुढे जे हाल होतात, ते बहुधा हा कागद न लिहिल्यामुळेच होतात, असे माझे ठाम मत आहे.

या प्रकारच्या स्पर्धांपैकी सर्वांत मोठी म्हणजे युवा हिवाळी ऑलिंपिक. युवा ऑलिंपिक सुरू करण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००७ मध्ये ग्वाटेमाला सिटीतील अधिवेशनात घेतला आणि त्याचे पहिले हिवाळी पर्व २०१२ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे झाले. त्यानंतर २०१६ मध्ये नॉर्वेतील लिलेहामर, २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान आणि २०२४ मध्ये दक्षिण कोरियातील गांगवॉन येथे ही स्पर्धा भरली. खेळाडूंचे वय साधारणपणे १५ ते १८. पुढील विवेचनात लोझानची उदाहरणे अधिक आहेत, कारण हाताशी जे आहे त्यातच भागवायचे हे धोरण तेथील यजमानांनी आरंभापासून अखेरपर्यंत सोडले नाही, आणि मुलांच्या स्पर्धेला तेच धोरण सर्वांत अधिक मानवते.

कोणती स्पर्धा, आणि किती आधी

युवा ऑलिंपिकचे यजमानपद देणे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या हाती असते. युरोपातील युवा ऑलिंपिक महोत्सव तेथील राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांच्या संघटनेकडे असतो. आणि एकेका खेळाच्या कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धा त्या त्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे असतात. ज्या देशाला किंवा प्रांताला आंतरराष्ट्रीय आयोजनाचा अनुभव नाही, त्याने एकदम अनेक खेळांचा मेळा अंगावर घेऊ नये. एकच खेळ निवडावा, त्याच्या महासंघाच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत कनिष्ठ गटाची एक छोटी स्पर्धा नोंदवावी आणि आपले पंच, वेळमापक, उतार तयार करणारे कर्मचारी व स्वयंसेवक यांना त्या निमित्ताने घडवावे. भारतानेही २०११ च्या जानेवारीत डेहराडून आणि औली येथे पहिले दक्षिण आशियाई हिवाळी खेळ भरवले होते आणि २०२० पासून गुलमर्ग व लेह येथे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा होत आहेत. लेहच्या बर्फावर महाराष्ट्राच्या स्केटिंगपटूंनी पदकेही मिळवली आहेत. आंतरराष्ट्रीय आयोजनासाठी लागणारी माणसे अशा देशांतर्गत स्पर्धांतूनच तयार होतात, म्हणून तेथे काम केलेल्या प्रत्येक पंचाची आणि स्वयंसेवकाची नोंद जपून ठेवावी.

वेळेचा हिशेब हिवाळ्यांत करावा, वर्षांत नव्हे. उतार, स्कीवरून उडी घेण्याचा मनोरा किंवा क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्कीइंगचा मार्ग आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी वापरायचा तर महासंघाचा निरीक्षक येऊन त्याची मोजणी करतो, सुरक्षेसाठी बदल सुचवतो आणि त्यानंतरच प्रमाणपत्र मिळते. सुचवलेला बदल झाडे तोडण्याचा किंवा माती हलवण्याचा असेल, तर तो उन्हाळ्यातच करता येतो आणि त्याची परीक्षा पुढच्याच हिवाळ्यात होते. त्यानंतर प्रत्यक्ष स्पर्धेच्या आधीच्या हिवाळ्यात त्याच उतारावर, त्याच माणसांनिशी एक चाचणी स्पर्धा घ्यावी लागते. म्हणजे एका खेळासाठीसुद्धा तीन हिवाळे हाती असावेत. लोझानला यजमानपद ३१ जुलै २०१५ रोजी क्वालालंपूर येथील अधिवेशनात मिळाले आणि स्पर्धा ९ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. गांगवॉनला १० जानेवारी २०२० रोजी मिळाले आणि स्पर्धा १९ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाली.

एवढ्या दीर्घ काळात माणसे बदलतात, हे गृहीत धरूनच समितीची रचना करावी. लोझानच्या आयोजन समितीचे अध्यक्ष पॅट्रिक बाउमान यांचे ऑक्टोबर २०१८ मध्ये, ब्युनोस आयर्स येथील युवा ऑलिंपिकच्या काळातच, हृदयविकाराने अकाली निधन झाले आणि फ्रीस्टाइल स्कीइंगच्या खेळाडू राहिलेल्या व्हिर्जिनी फेव्हर यांनी ती जबाबदारी स्वीकारली. स्पर्धा ठरल्या दिवशी सुरू झाली. प्रत्येक विभागप्रमुखाला उपप्रमुख असावा, करारनामे आणि पत्रव्यवहार व्यक्तीच्या नव्हे तर समितीच्या ताब्यात असावेत आणि सह्यांचे अधिकार लेखी ठरलेले असावेत, या गोष्टी कंटाळवाण्या वाटल्या तरी पहिल्याच महिन्यात उरकाव्यात.

स्थळे: नवे बांधण्याआधी

कार्यक्रम ठरवून मग त्यासाठी स्थळे शोधण्याऐवजी उपलब्ध स्थळांवरून कार्यक्रम ठरवावा. लिलेहामरने १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकची स्थळे वापरली, गांगवॉनने २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकची. लोझान शहराला असा वारसा नव्हता, म्हणून तेथील आयोजकांनी स्पर्धा आल्प्स आणि जुरा पर्वतांतील गावांत वाटून दिली: अल्पाइन स्कीइंग ले दियाब्लरे येथे, फ्रीस्टाइलचे काही प्रकार लेझँ येथे, स्की क्रॉस आणि स्की माउंटेनीअरिंग विलार येथे, कर्लिंग (बर्फावरून जड दगड लक्ष्याकडे सरकवण्याचा खेळ) शांपेरी येथे, क्रॉस-कंट्री व्हाले द जू येथे आणि बर्फाच्या रिंकवरचे खेळ खुद्द लोझानमध्ये. बायथलॉन (क्रॉस-कंट्री स्कीइंग आणि रायफलची नेमबाजी), स्की जंपिंग आणि नॉर्डिक कंबाइंड (स्की जंपिंग आणि क्रॉस-कंट्री) यांसाठी जवळचे योग्य स्थळ सीमेपलीकडे, फ्रान्समधील ले रूस येथे होते, म्हणून ते खेळ तेथे नेण्यात आले. देशाचा मान राखण्यासाठी स्वतःच्या हद्दीत नवा मनोरा उभारण्यापेक्षा शेजाऱ्याचा मनोरा वापरणे केव्हाही शहाणपणाचे.

सर्वांत बोधप्रद उदाहरण घसरगाडीच्या खेळांचे आहे. बॉब्स्ले (गाडीत बसून), ल्यूज (पाठीवर झोपून) आणि स्केलेटन (पालथे, डोके पुढे करून) यांना लागणारा काँक्रीटचा, यंत्राने गोठवलेला मार्ग बांधायला अवाढव्य खर्च येतो आणि नंतर तो वापरणारे खेळाडू मूठभर असतात. लोझानने हे खेळ देशाच्या दुसऱ्या टोकाला, सेंट मॉरिट्झला नेले. तेथील मार्ग १९०४ पासूनचा, सुमारे १,७२२ मीटर लांबीचा असून तो दर हिवाळ्यात हिम आणि पाणी यांपासून हाताने नव्याने घडवला जातो आणि वसंतात वितळून जातो. स्पीड स्केटिंगही तेथेच, गोठलेल्या तलावावर झाले. त्यासाठी खेळाडूंचे दुसरे निवासस्थान उभे करावे लागले आणि तेथील खेळाडूंना लोझानचे वातावरण फारसे अनुभवता आले नाही, ही किंमत खरी आहे. तरीही मी ती किंमत मोजण्याच्या बाजूने आहे, कारण दोन आठवड्यांच्या स्पर्धेसाठी गावाच्या गळ्यात पन्नास वर्षांचा देखभालखर्च अडकवणे त्या गावातल्या मुलांवर अन्याय करणारे असते.

वयाला न शोभणारे प्रकार मुळातच वगळावेत. युवा ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीइंगचे सुपर-जी, जायंट स्लॅलम आणि स्लॅलम हे प्रकार असतात, परंतु सर्वाधिक वेगाचा डाउनहिल हा प्रकार ठेवलेला नाही. बॉब्स्लेमध्ये २०१६ पासून एका खेळाडूची मोनोबॉब ठेवली गेली, ज्यामुळे ज्या देशात दोन वा चार तयार खेळाडू मिळणे अवघड आहे त्या देशाचीही एकटी मुलगी किंवा एकटा मुलगा उतरू शकतो. गांगवॉन येथे ट्युनिशिया आणि थायलंड या देशांनी मोनोबॉबमध्ये रौप्यपदके मिळवली. ज्यांच्या घरी कधी हिम पडत नाही अशा देशांना सामावून घ्यायचे असेल, तर स्पर्धेच्या आधीच्या दोन हिवाळ्यांत त्यांच्या मुलांसाठी आपल्या स्थळी सरावशिबिरे ठेवावीत आणि घसरगाड्या, शिरस्त्राणे, स्की यांचा सामायिक साठा तयार करावा. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी दाखवावा, नाहीतर पुढे तोच सर्वांत आधी कापला जातो.

हिम, बर्फ आणि राखीव दिवस

हिम वेळेवर पडेल यावर विसंबून कोणतीही तारीख जाहीर करू नये. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये हिमच नव्हते. ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी घसरगाडीच्या मार्गासाठी बर्फाच्या सुमारे २०,००० लाद्या आणि स्कीच्या उतारांसाठी सुमारे ४०,००० घनमीटर हिम डोंगरावरून वाहून आणले. अलीकडचे उदाहरण आपल्याकडचेच आहे: २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्ग येथील टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता, तो पुरेशा हिमाअभावी मार्चपर्यंत पुढे ढकलावा लागला. देशांतर्गत स्पर्धा तीन आठवडे पुढे नेता येते. चाळीस देशांच्या मुलांची विमानतिकिटे, व्हिसा आणि शाळेच्या रजा मात्र तशा हलवता येत नाहीत.

म्हणून कृत्रिम हिमाची तयारी हा पर्याय न मानता मूळ योजनेचा भाग मानावा. हिमयंत्र पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवते आणि ते खाली पडेपर्यंत गोठतात. ते गोठतील की नाही हे केवळ तापमापकावरच्या आकड्यावर ठरत नाही, तर तापमान आणि हवेतील दमटपणा या दोहोंवरून निघणाऱ्या वेट-बल्ब तापमानावर ठरते. ते साधारण उणे २ ते उणे ३ अंश सेल्सिअस झाले की यंत्रे चालू करता येतात, म्हणून कोरड्या हवेत तापमापक शून्याच्या आसपास असतानाही हिम तयार होते, आणि दमट हवेत तो उणे २ अंश दाखवत असतानाही होत नाही. आपल्या उतारावर नोव्हेंबर ते जानेवारी या काळात असे किती तास मिळतात, याची मागील अनेक वर्षांची नोंद स्थानिक हवामान केंद्राकडून घ्यावी, त्यावरून यंत्रांची संख्या आणि पाण्याचा साठा ठरवावा. पाणी नदीतून किंवा गावाच्या पुरवठ्यातून उचलायचे असेल, तर गावकऱ्यांशी लेखी करार आधी करावा. काही ठिकाणी मागील हिवाळ्यातील हिमाचा ढीग लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर झाकून ठेवतात. क्रॉस-कंट्रीच्या छोट्या मार्गासाठी ही पद्धत उत्तम चालते.

अति थंडीचाही विचार करावा लागतो. क्रॉस-कंट्री आणि बायथलॉनच्या नियमांनुसार मार्गाच्या सर्वांत थंड बिंदूवर तापमान उणे २० अंशांच्या खाली गेले, तर शर्यत सुरू करत नाहीत. मुलांच्या स्पर्धेत वारा जोराचा असेल तर त्याआधीच थांबणे योग्य. थांबण्याचा निर्णय कोणाचा, तो किती वाजेपर्यंत घ्यायचा आणि पथकांना कसा कळवायचा, हे आधीच लिहून ठेवावे, कारण पहाटे पाच वाजता दूरचित्रवाणीचे लोक, प्रायोजक आणि पालक एकाच वेळी विचारू लागल्यावर शांतपणे विचार करायला सवड उरत नाही. मैदानी खेळांच्या वेळापत्रकात प्रत्येक तीन-चार स्पर्धादिवसांमागे एक राखीव दिवस ठेवावा. तो वापरावा लागला नाही तर मुलांना विश्रांती मिळते, त्यामुळे तो कधीच वाया जात नाही.

रिंकवरच्या खेळांना हवामानाची अशी भीती नसली, तरी एकच रिंक दोन खेळांना देताना सावध राहावे. फिगर स्केटिंगला उणे ३ ते ४ अंशांचा किंचित मऊ बर्फ लागतो, हॉकीला त्याहून थंड आणि कठीण. तापमान बदलून बर्फ स्थिर व्हायला तास लागतात. शॉर्ट ट्रॅकसाठी, म्हणजे छोट्या वर्तुळावरील स्केटिंगच्या शर्यतींसाठी, कडेला जाड, हलणाऱ्या गाद्यांचे कुंपण लावावे लागते. कर्लिंगच्या बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक कण उठवावे लागतात आणि ते काम जाणणारा कारागीर दुर्मीळ असतो. त्याला एक वर्ष आधी नेमावे.

निवास आणि भोजन

लोझानमध्ये खेळाडूंचे निवासस्थान म्हणजे विद्यापीठाच्या आवारातील व्होर्टेक्स ही गोलाकार इमारत होती. ती विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठीच बांधण्यात आली होती आणि स्पर्धेनंतर त्याच कामी आली. गांगवॉनमध्येही एक निवासस्थान गांगन्युंग येथील विद्यापीठात होते. ही पद्धत सर्वांनी उचलावी अशी आहे: वसतिगृहात खोल्या लहान, स्वयंपाकघर मोठे आणि बसायच्या जागा सामायिक असतात, म्हणजे मुलांना हवे तेच असते. लोझानला सुमारे १,८०० खेळाडूंना एका वेळी सामावणे शक्य नव्हते, म्हणून स्पर्धा दोन टप्प्यांत विभागली गेली आणि पहिल्या टप्प्यातील मुले गेल्यावर त्याच खोल्या दुसऱ्या टप्प्यातील मुलांना मिळाल्या. यात कोणालाच उद्घाटन आणि समारोप दोन्ही सोहळे पाहता येत नाहीत. मात्र शाळेचे नुकसान निम्म्याने कमी होते. टप्पे बदलण्याच्या दिवशी खोल्यांची सफाई, चादरी, बॅजांची अदलाबदल आणि विमानतळाच्या बसगाड्या यांचा जो ताण येतो, त्यासाठी त्या दिवशी एकही स्पर्धा ठेवू नये.

भोजनालय पहाटे साडेचारला उघडावे आणि रात्री उशिरापर्यंत चालावे, कारण संध्याकाळची हॉकी खेळून मुले दहा वाजता परततात. प्रत्येक पदार्थासमोर त्यातील घटक चित्रांसह लिहावेत. शेंगदाणे, दूध, गहू यांची ॲलर्जी, हलाल, शाकाहार या बाबी मुलांना परक्या भाषेत विचारायला संकोच वाटतो. वजनाचा काटा भोजनालयाच्या जवळपासही ठेवू नये. स्की जंपिंग आणि फिगर स्केटिंगमध्ये वजनाविषयीचे दडपण मोठे असते आणि उपाशी राहणारी मुलगी प्रथम लक्षात येते ती वाढप्यांच्या. त्यांना याचे प्रशिक्षण द्यावे आणि कळवायचे कोणाला हे सांगून ठेवावे.

स्वच्छतेकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकने दाखवून दिले. नोरोव्हायरसच्या साथीमुळे सुमारे १,२०० सुरक्षारक्षकांना कामावरून बाजूला काढून ९०० सैनिकांना त्यांच्या जागी उभे करावे लागले होते. हा विषाणू अल्कोहोलच्या हातधुणीने पुरेसा नष्ट होत नाही, साबण आणि वाहते पाणीच लागते, म्हणून भोजनालयाच्या दारात बेसिनांची रांग असावी. स्वयंसेवकांच्या निवासाची तपासणी खेळाडूंच्या निवासाइतक्याच कसोशीने करावी.

प्रवास आणि सामान

लोझानने आल्प्समधील गावांपर्यंत जाणाऱ्या नेहमीच्या रेल्वेगाड्यांचा पुरेपूर उपयोग केला आणि प्रेक्षकांनाही त्यांनीच येण्याचा आग्रह धरला. अरुंद डोंगरी रस्त्यावर एक बस अडकली की मागची सारी वाहतूक थांबते, म्हणून ज्या यजमानाकडे रेल्वे नाही त्याने खासगी गाड्या पायथ्यालाच थांबवाव्यात आणि वरचा रस्ता बस, रुग्णवाहिका व हिम हटवणाऱ्या यंत्रांसाठी मोकळा ठेवावा.

सामानाचा विषय पथकांना फार छळतो. स्की, घसरगाड्या आणि स्कीच्या तळाला लावायच्या मेणाच्या पेट्या यांच्यासाठी तात्पुरत्या आयातीची कागदपत्रे लागतात. ती कशी भरायची याची सोपी मार्गदर्शिका सहा महिने आधी पाठवावी. बायथलॉनची रायफल पॉइंट २२ बोअरची असते आणि ती घेऊन अल्पवयीन खेळाडू सीमा ओलांडत असतो. पोलीस, सीमाशुल्क आणि विमानकंपनी यांच्याकडून प्रत्येक रायफलच्या क्रमांकासह लेखी परवानगी आधी मिळवावी, रायफल कायम प्रौढ प्रशिक्षकाच्या ताब्यात असावी आणि ती रात्री निवासस्थानी न नेता स्पर्धास्थळीच्या कुलूपबंद, पहाऱ्याच्या खोलीत राहावी. स्पर्धास्थळ दुसऱ्या देशात असेल, तर हे सारे दोन्ही देशांत करावे लागते. स्कीच्या मेणाबाबत, २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फ्लोरिनयुक्त मेणावर बंदी आहे. त्याची तपासणी करणारे उपकरण आणि ते चालवणारा माणूस प्रारंभरेषेजवळ हवा. मेण वितळवण्याच्या खोल्यांत हवा खेळती असावी आणि तेथे मुलांना तासन् तास बसू देऊ नये.

व्हिसासाठी आमंत्रणपत्रे पाठवताना पालकांच्या संमतीचा नमुना, सोबत येणाऱ्या प्रौढाचे नाव आणि वैद्यकीय उपचारांची संमती असे तीन कागद एकत्र पाठवावेत. तिसरा कागद नसल्यास मध्यरात्री शस्त्रक्रियेची वेळ आली की रुग्णालय अडून बसते, आणि त्या वेळी पालकांच्या देशात कदाचित सुट्टीचा दिवस असतो.

मुलांचे संरक्षण

हा भाग आयोजनातील इतर सर्व भागांपेक्षा अधिक वेळ मागतो आणि त्यालाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. समितीत बालसंरक्षणाचा पूर्णवेळ अधिकारी असावा, तो थेट अध्यक्षांना उत्तरदायी असावा आणि त्याचे नाव, छायाचित्र व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक खेळाडूच्या बॅजच्या मागे छापलेला असावा. प्रत्येक पथकात प्रशिक्षकाव्यतिरिक्त मुलांच्या कल्याणासाठी एक व्यक्ती नेमण्याची अट ठेवावी, कारण ज्या प्रशिक्षकाविषयी तक्रार आहे त्याच्याकडेच तक्रार कशी करायची, हा मुलांपुढचा खरा पेच असतो. दुरून एकटी खेळाडू आली असेल आणि सोबतचा एकमेव प्रौढ पुरुष प्रशिक्षक असेल, तर यजमानांनी स्वतःहून एक महिला सोबती द्यावी.

मुलांशी ज्यांचा संबंध येईल त्या सर्वांची, म्हणजे बसचालक, सफाई कर्मचारी, छायाचित्रकार, मालिश करणारे आणि स्वयंसेवक यांचीही, पोलिसांकडून पूर्वचौकशी करून घ्यावी. परदेशी पथकांतील प्रौढांसाठी त्यांच्या राष्ट्रीय समितीने तसे प्रमाणपत्र द्यावे. एकट्या मुलासोबत एकटा प्रौढ बंद खोलीत असणार नाही, हा नियम उपचारकक्ष, मेणाची खोली आणि बस या सर्व ठिकाणी लागू करावा; उपचाराच्या वेळी दार उघडे किंवा दुसरी व्यक्ती हजर असावी. निवासस्थानात मजल्यावर प्रवेश बॅजनेच व्हावा आणि पालकांनाही भेटीसाठी तळमजल्यावर वेगळी खोली असावी.

तक्रार करण्याचे मार्ग अनेक असावेत: प्रत्यक्ष बोलणे, दूरध्वनी, संदेश, आणि नाव न देता लिहिण्याची सोय, तीही मुलांच्या भाषांत. आलेली प्रत्येक तक्रार चोवीस तासांत कोणी पाहायची, कोणत्या तक्रारी थेट पोलिसांकडे जातात आणि त्या दरम्यान मूल कोठे सुरक्षित राहील, हे स्थानिक कायद्यातील जाणकाराकडून लिहून घ्यावे. समाजमाध्यमांवर पराभूत खेळाडूला होणाऱ्या शिवीगाळीकडेही लक्ष ठेवावे. हरलेल्या मुलाला पत्रकारांसमोर उभे करण्याची सक्ती नसावी, आणि मुलाखतीच्या वेळी त्याच्याजवळ ओळखीचे मोठे माणूस असावे.

उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत अल्पवयीन खेळाडूसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. चाचणीला त्याच्यासोबत प्रतिनिधी असण्याची तरतूद जागतिक नियमांत आहे आणि वयाने लहान खेळाडूंना ‘संरक्षित व्यक्ती’ म्हणून वेगळे स्थान दिलेले आहे. थंड, कोरड्या हवेत जोराने श्वास घेणाऱ्या अनेक मुलांना दमा असतो आणि ती इन्हेलरने श्वासावाटे औषध घेतात. कोणत्या औषधासाठी पूर्वपरवानगी लागते हे त्यांच्या पथकांना आधीच कळवल्यास मोठा मनस्ताप टळतो.

दुखापती आणि उंची

सरावाच्या पहिल्या मिनिटाआधी बचाव पथक उतारावर असले पाहिजे. २०१० मध्ये व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या पहिल्याच दिवशी जॉर्जियाचा ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली सरावात मृत्युमुखी पडला. त्यानंतर स्पर्धेत प्रारंभ खालच्या बिंदूंवर आणण्यात आला. मुलांच्या बाबतीत सराव खालच्या प्रारंभापासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वर न्यावा आणि नवख्या देशांच्या मुलांना सरावाच्या अधिक फेऱ्या द्याव्यात. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळ संपला, हा निर्णय केवळ डॉक्टरने घ्यावा आणि प्रशिक्षकाला त्यात मत नसावे. हेलिकॉप्टर धुक्यात उडत नाही, म्हणून रस्त्याने रुग्णालय गाठायला लागणारा वेळ मोजून ठेवावा.

उंचीवरच्या स्थळी आणखी एक पथ्य आहे. सेंट मॉरिट्झ सुमारे १,८०० मीटरवर, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. समुद्रकाठच्या शहरातून विमानाने थेट लेहला उतरलेल्या मुलांना किमान दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी, त्यानंतर हलका सराव आणि मगच स्पर्धा, असे वेळापत्रक असावे. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या पथकांनी तर यजमानांनी सांगितले नाही तरी हे पाळावे.

ओळखी आणि प्रेक्षक

मुले एकमेकांना कशी भेटतील याची योजना करावी लागते. एका भोजनालयात बसवल्याने ती भेटत नाहीत. लोझानमध्ये तीन विरुद्ध तीन आइस हॉकीचे संघ वेगवेगळ्या देशांच्या खेळाडूंचे मिळून केले होते आणि एका संघात तेरा देशांची मुले होती. कर्लिंगची मिश्र जोडी, शॉर्ट ट्रॅकची रिले यांतही देश मिसळले गेले. अशा संघांना एकत्र सरावासाठी किमान दोन सत्रे द्यावीत, नाहीतर मिश्र संघ केवळ छायाचित्रापुरता राहतो.

लोझानच्या स्पर्धेला प्रवेश विनामूल्य होता आणि परिसरातील शाळांच्या मुलांना वर्गच्या वर्ग आणण्यात आले. योडली नावाचे शुभंकरही तेथील कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तयार केले होते. शाळांना बोलावताना प्रत्येक वर्गाला एकच खेळ नेमून द्यावा, त्याचे नियम शिक्षकांनी आधी शिकवावेत आणि उतारावर उबदार खोली, गरम पेय व स्वच्छतागृह मुलांच्या संख्येच्या मानाने असावे. उघड्यावरचा उद्घाटनसोहळा रात्री उशिरा ठेवू नये. गांगवॉनने तो छताखाली, एकाच वेळी दोन ठिकाणी घेतला आणि दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ते योग्यच झाले.

स्पर्धा संपल्यानंतर

अंदाजपत्रकात समारोपानंतरच्या किमान सहा महिन्यांचे वेतन धरावे. उसन्या घसरगाड्या व स्की परत करणे, वसतिगृह विद्यापीठाच्या ताब्यात देणे, उतारावरच्या जाळ्या आणि तात्पुरत्या विजेच्या तारा हिम वितळताच काढणे, विम्याचे दावे निकाली काढणे आणि दुखापतग्रस्त खेळाडूंची वैद्यकीय कागदपत्रे त्यांच्या देशातील डॉक्टरांकडे पाठवणे, ही कामे त्या काळात चालतात. मुलांची वैयक्तिक माहिती आणि निकालाशी संबंध नसलेली छायाचित्रे ठरल्या मुदतीत नष्ट करावीत. बालसंरक्षण अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक मात्र कार्यालय बंद झाल्यावरही चालू ठेवावा आणि तो उचलणारे माणूस पगारावर असावे, कारण परदेशात घडलेली गोष्ट मुले अनेकदा घरी परतून काही महिने गेल्यावरच कोणाला तरी सांगतात.